वचन देवाचें आणि अपेक्षा मानवाची

महोत्सवाच्या प्रसंगीं मंडळी मागें वळून पाहते, हें स्वाभाविक आहे. देऊळ केव्हां उभें राहिलें, कोणत्या फादरांनीं किती वर्षें सेवा केली, किती स्नानसंस्कार झाले, किती विवाह लागले, यांची मोजदाद होते आणि ती व्हावीही. परंतु या मोजदादीच्या पोटांत एक प्रश्न दडलेला असतो व तो कोणत्याही नोंदवहींत सांपडत नाहीं. आमच्या पूर्वजांनीं देवापाशीं जें मागितलें तें त्यांना मिळालें काय? आणि मिळालें नसल्यास त्यांच्या भरवशाचें काय झालें?

प्रश्न नवा नाहीं. पुनरुत्थानाच्या दिवशीं एम्माऊस गांवच्या वाटेनें चाललेल्या दोघां शिष्यांनीं, आपल्याला न ओळखूं आलेल्या सोबत्यापाशीं हीच तक्रार केली होती. येशूच इस्राएलाची सुटका करील अशी आमची आशा होती, असें ते खिन्न मनानें सांगत होते. आणि ज्याच्याविषयीं सांगत होते तोच त्यांच्याबरोबर चालत होता. देवाचें वचन एक असतें. तें कसें, केव्हां व कोणाच्या हातून पुरें होईल याचें जें चित्र आपण मनाशीं रेखाटतों तें दुसरें असतें. चित्राशिवाय माणसाला वाट पाहतां येत नाहीं, म्हणून अपेक्षा बाळगणें हें पाप नव्हे. परंतु चित्रालाच वचन समजून बसलों, तर चित्र पुसलें गेल्याबरोबर वचनही गेलें असें वाटूं लागतें आणि श्रद्धा डळमळते.

हें केवळ उपदेशानें सांगण्यापेक्षां इतिहासाच्या साक्षीनें सांगावें, असें आम्हांस वाटतें. ही साक्ष दूरच्या जपान देशांतील नागासाकी शहरची आहे. तथापि ती आम्हांस परकी नाहीं. तेथील श्रद्धेचें बीज पेरणाऱ्या संताचा देह गोव्यांत विसांवला आहे, आणि त्या भूमींत रक्त सांडणाऱ्यांत वसईचा एक सुपुत्र आहे.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास आले. पुढें मलाक्का येथें त्यांना अंजिरो नांवाचा एक जपानी गृहस्थ भेटला. त्यानें गोव्यास येऊन शिक्षण घेतलें व १५४८ सालीं तेथेंच स्नानसंस्कार स्वीकारला. त्याच्याकडून जपानची माहिती ऐकून संतांच्या मनांत मोठी आशा उत्पन्न झाली. १५ ऑगस्ट १५४९ रोजीं, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशीं, ते कागोशिमा बंदरांत उतरले. राजधानींत जाऊन सम्राटाची भेट घ्यावी, त्याची अनुज्ञा मिळवावी, म्हणजे सारा देश सुवार्तेस मोकळा होईल, असा त्यांचा बेत होता. ऐन हिंवाळ्यांत बर्फ तुडवीत ते १५५१ च्या आरंभीं मियाको शहरीं पोहोंचले. पाहतात तों शहर युद्धांनीं उजाड झालेलें, सम्राटाच्या हातीं सत्ता नाहीं, आणि त्याची भेटही होऊं शकली नाहीं. मग त्यांनीं प्रांतोप्रांतींच्या सरदारांकडे मोर्चा वळविला आणि तेथें लहानशी मंडळी जमविली. चीनने ख्रिस्ताचा स्वीकार केला तर जपानही मागोमाग येईल, या नव्या आशेनें ते चीनकडे निघाले. परंतु ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्याजवळील सान्सियान बेटावर त्यांचें देहावसान झालें. चीनचा किनारा दिसत होता, पण त्यावर पाऊल पडलें नाहीं. माणसाच्या हिशेबानें पाहिलें तर दोन्ही बेत फसले. तरीही त्यांनीं जपानांत लावलेलें रोप वाढत गेलें आणि पुढल्या साठ वर्षांत त्याचा मोठा वृक्ष झाला.

आतां वसईच्या सुपुत्राची कथा पाहूं. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसई येथें सुमारें १५५७ सालीं झाला. पिता पोर्तुगीज, माता याच मातीतील. वसईंत येशूसंघाच्या फादरांपाशीं त्यांचें शिक्षण झालें आणि कोंवळ्या वयांतच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. जपानी भाषा त्यांनीं अशी आत्मसात केली कीं, धर्मशिक्षक म्हणून कित्येक वर्षें त्यांनीं फादरांच्या हाताखालीं काम केलें. त्यांची एकच इच्छा होती: येशूसंघांत आपला समावेश व्हावा. ती इच्छा पुरी झाली नाहीं. तेव्हां ते त्या सेवेंतून बाहेर पडले, व्यापाराला लागले आणि त्यांत त्यांना यशही आलें. जो मार्ग देवाचा म्हणून मनानें निश्चित केला, त्याचाच दरवाजा बंद झाला, अशा प्रसंगीं पुष्कळांची श्रद्धा कोमेजते. गोन्सालो यांची कोमेजली नाहीं. मनिला येथें त्यांनीं फ्रान्सिस्कन संघांत प्रवेश केला. तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा व्रतस्थ बंधू म्हणून. १५९३ सालीं संत पीटर बॅप्टिस्ट यांच्यासमवेत दुभाषे म्हणून ते पुन्हां जपानला आले. जी भाषा ते एका संघाच्या आशेनें शिकले होते, ती दुसऱ्या संघाच्या सेवेला लागली.

त्या वेळीं जपानचा सत्ताधीश हिदेयोशी हा होता. मिशनऱ्यांनीं देश सोडावा असा हुकूम त्यानें १५८७ सालींच काढला होता. त्याची अंमलबजावणी मात्र ढिली होती. १५९६ च्या अखेरीस त्याचा रोष उसळला. फ्रान्सिस्कन संघाचे ६, येशूसंघाचे ३ आणि १७ प्रापंचिक भाविक, अशा २६ जणांना ऐन थंडींत नागासाकीपर्यंत चालवीत नेलें आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर क्रूसांवर चढवून भाल्यांनीं विंधिलें. त्यांत १२ वर्षांचा एक बालकही होता. ज्या संघांत गोन्सालो यांना जागा मिळाली नाहीं, त्या संघाचे तिघे आणि गोन्सालो एकाच टेकडीवर, एकाच ओळींत, एकाच घटकेला प्रभूला भेटले. ८ जून १८६२ रोजीं परमपूज्य पोप नववे पायस यांनीं या सर्वांना एकाच विधींत संतपद दिलें. गोन्सालो यांनीं देवापाशीं एका घराचा उंबरठा मागितला होता. देवानें तो दिला नाहीं. मात्र ज्या हेतूनें तो मागितला होता, तो हेतु पूर्णत्वास नेला.

यापुढचा इतिहास अधिक कठीण आहे, कारण तो एका व्यक्तीचा नसून पिढ्यान् पिढ्यांचा आहे. १६१४ सालीं तोकुगावा सरकारनें सर्व देशांत ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. देवळें पाडलीं, धर्मगुरूंना हद्दपार केलें, जे लपून राहिले त्यांना हुडकून ठार केलें. १६४४ सालीं शेवटचे धर्मगुरू रक्तसाक्षी झाल्यावर त्या देशांत मिस्सा अर्पण करणारा कोणी उरला नाहीं. नागासाकी भागांत दरसाल घरोघरच्या लोकांना ख्रिस्ताच्या वा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. जो ठेवणार नाहीं तो ख्रिस्ती, अशी परीक्षा होती.

अशा स्थितींत उराकामी खोऱ्यांतील, सोतोमे किनाऱ्यावरील व आसपासच्या बेटांवरील गरीब शेतकरी व कोळी यांनीं आपली श्रद्धा जपली. त्यांनीं आपसांत कामें वांटून घेतलीं. एकानें सणवारांचें पंचांग सांभाळावें, एकानें मुलांना स्नानसंस्कार द्यावा, एकानें घरोघरीं निरोप पोहोंचवावेत. बौद्ध देवतेच्या मूर्तींत ते पवित्र मरियेचें रूप पाहत. प्रार्थना मुखोद्गत करून बाप मुलाला देई. त्यांतील लॅटिन व पोर्तुगीज शब्दांचा अर्थ कालांतरानें कोणालाच ठाऊक राहिला नाहीं, तरी त्या चुकूं दिल्या नाहींत. १६०३ सालीं छापलेली, पूर्ण अनुतापाविषयींची एक लहान पुस्तिका ते हातानें उतरून घेत. पापकबुली ऐकण्यास धर्मगुरू नसतील, तर देवावरील प्रेमानें केलेला पूर्ण अनुताप आणि संधी मिळतांच पापकबुली देण्याचा निश्चय यांनीं क्षमा मिळते, ही ख्रिस्तसभेची शिकवण तींत होती. प्रतिमेवर पाय ठेवून परतलेला मनुष्य घरीं दार लावून तीच अनुतापाची प्रार्थना रडत रडत म्हणे. आम्हांस घरापासून थोड्या अंतरावर देऊळ असून पापकबुलीचा कंटाळा येतो. त्यांच्या सात पिढ्या त्या संस्काराची वाट पाहत मरून गेल्या.

सात पिढ्या, असें आम्ही म्हणतों, त्याला कारण आहे. या लोकांत बास्तियान नांवाच्या एका धर्मशिक्षकाची भविष्यवाणी परंपरेनें सांगितली जात असे. तिचा आशय असा: सात पिढ्यांपर्यंत तुम्हांला मीं माझीं मुलें मानीन, त्यानंतर मोठ्या काळ्या जहाजांतून पापकबुली ऐकणारे गुरु येतील व आठवड्या-आठवड्याला पापकबुली देतां येईल, ख्रिस्ती गीतें कोठेंही मोकळ्या गळ्यानें गातां येतील, आणि रस्त्यांत अन्यधर्मीय भेटले तर तेच बाजूला होऊन तुम्हांला वाट देतील. या भविष्यवाणीवर त्यांनीं दोन शतकें काढलीं. वाचकांनीं तिच्यांतील जोड लक्षांत घ्यावी. गुरु येतील, संस्कार मिळेल, ही ख्रिस्तानें आपल्या सभेला दिलेल्या वचनाची छाया आहे. इतर लोक आम्हांला वाट देतील, ही पिढ्यान् पिढ्या खालीं मान घालून चाललेल्या माणसांची अपेक्षा आहे. वचन आणि अपेक्षा एकाच धाग्यांत गुंफलीं गेलीं होतीं, आणि तीं कोठें वेगळीं होतात हें काळच दाखविणार होता.

१८५८ च्या तहांनीं परदेशीयांना बंदरांत आपापली उपासना करण्याची मुभा मिळाली. पॅरिसच्या परदेश मिशन संस्थेच्या फ्रेंच फादरांनीं नागासाकींतील ओउरा येथें देऊळ बांधलें व फेब्रुवारी १८६५ मध्यें त्याचें समर्पण २६ रक्तसाक्ष्यांच्या नांवानें झालें. अर्थात् वसईच्या गोन्सालो यांच्याही नांवानें. १७ मार्च १८६५ रोजीं दुपारीं, शुक्रवारीं, उराकामीचे सुमारें पंधरा जण त्या देवळाच्या दाराशीं आले. फादर पतिझां यांनीं त्यांना आंत घेतलें. ते गुडघे टेकून प्रार्थना करीत असतां एका स्त्रीनें जवळ येऊन हळूच सांगितलें कीं, आमचें अंतःकरण तुमच्यासारखेंच आहे. आणि लगेच, सान्ता मारियाची मूर्ति कोठें आहे, असें विचारलें. बाळ येशूला घेतलेल्या मातेच्या मूर्तीपुढें नेतांच त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाहीं. आपण दुःखाचा काळ, म्हणजे उपवासकाळ, पाळीत आहों, असेंही त्यांनीं सांगितलें. पुढें या लोकांनीं धर्मगुरूंची कसून परीक्षा केली: ते पवित्र मरियेचा मान राखतात काय, ते अविवाहित आहेत काय, रोममधील परमगुरूची आज्ञा मानतात काय. तिन्ही खुणा पटल्या. १६४४ पासून मोजल्यास २२१ वर्षांनीं मेंढरांना मेंढपाळ मिळाले, आणि ते खरोखरच काळ्या जहाजांतून आले होते.

येथें कथा संपली असती, तर ती सोपी झाली असती. आतां मोकळ्या गळ्यानें गावें, आतां लोक वाट देतील, अशी त्या भोळ्या मंडळीची समजूत झाली असल्यास नवल नाहीं. धर्मगुरू भेटल्यावर उराकामीच्या लोकांनीं बौद्ध भिक्षूंकडून अंत्यविधि करून घेण्याचें नाकारलें. १८६७ च्या जुलैमध्यें धरपकड सुरू झाली. मेइजी सरकार आल्यावर तर १८६८ ते १८७० या काळांत सुमारें ३,४०० माणसांना, म्हणजे जवळजवळ साऱ्या खेड्याला, देशाच्या निरनिराळ्या भागांत हद्दपार करण्यांत आलें. त्सुवानो येथें कांहींना गोठलेल्या तळ्यांत उतरविलें, कांहींना तीन-तीन फुटांच्या पिंजऱ्यांत कोंडलें. धर्म सोडा म्हणजे घरीं जा, एवढीच अट होती. कांहींनीं ती मानली. बहुतेकांनीं मानली नाहीं. १८७३ सालीं पाश्चात्त्य राष्ट्रांच्या दडपणामुळें बंदीचे फलक उतरविले गेले व हे लोक परतले, तोंवर ६०० हून अधिक जण परमुलुखांत मरण पावले होते.

भविष्यवाणीचा अर्धा भाग पुरा झाला आणि त्याच क्षणीं उरलेल्या अर्ध्याच्या अगदीं उलट घडलें. जे पूर्वजांच्या शब्दांतील केवळ सुखावर भिस्त ठेवून होते, त्यांना टिकणें अशक्य होतें. जे टिकले, ते लोकांनीं वाट दिली नाहीं तरी गुरु आले, संस्कार आले, प्रभु आला, या समाधानावर टिकले.

दुसऱ्या एका गोष्टीचाही उल्लेख केला पाहिजे. बंदी उठल्यावर सारेच गुप्त ख्रिस्ती ख्रिस्तसभेंत परतले नाहींत. इकित्सुकी बेटावर व अन्यत्र पुष्कळांनीं पूर्वजांकडून आलेले विधीच पुढें चालविले. त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. ज्या प्रार्थनांसाठीं आजोबा-पणजोबांनीं जीव धोक्यांत घातला, त्या टाकून परदेशी माणसाकडून नव्यानें शिकणें कोणाला सोपें जाईल? तथापि यांतील करुण भाग नजरेआड करतां येत नाहीं. वाट पाहण्यासाठीं जो दिवा लावला होता, तो दिवाच इतका प्रिय झाला कीं, ज्याची वाट पाहिली तो दारीं आला असतां त्याच्याकडे पाहणें झालें नाहीं. आज त्या जुन्या विधींचे अनुयायी फार थोडे उरले आहेत. अपेक्षाभंगानें श्रद्धेची परीक्षा होते हें आपण जाणतों. अपेक्षापूर्ति ओळखीच्या वेषांत आली नाहीं, तर तीही परीक्षाच होते, हें मात्र आपण विसरतों.

परतलेल्या उराकामीकरांपाशीं घरें नव्हतीं, शेतें ओसाड पडलीं होतीं. तरी १८८० सालीं त्यांनीं गांवच्या मुखियाच्या वाड्याची जागा विकत घेतली. याच वाड्यांत त्यांच्या वाडवडिलांना पवित्र प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. त्या जागीं १८९५ सालीं देवळाच्या बांधकामास आरंभ झाला. विटेवर वीट चढवीत १९१४ सालीं तें पुरें झालें आणि १९२५ सालीं त्याचे दोन बुरूज उभे राहिले. बास्तियानच्या शब्दांतील मान त्यांना अशा रीतीनें मिळाला; रस्त्यावर कोणी बाजूला झालें म्हणून नव्हे, तर अपमानाच्या जागीं आराधना सुरू झाली म्हणून.

९ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं ११ वाजून २ मिनिटांनीं त्या देवळापासून सुमारें अर्ध्या किलोमीटरवर अणुबाँब फुटला. विमान आधीं कोकुरा शहराकडे गेलें होतें. तें शहर ढगांनीं व धुरानें झांकलेलें असल्यानें तें नागासाकीकडे वळलें. स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी चालली होती व देवळांत दोन धर्मगुरू पापकबुली ऐकत होते. ते दोघे आणि आंत असलेले सर्व भाविक जागच्या जागीं मरण पावले. धर्मग्रामांतील सुमारें १२,००० भाविकांपैकीं सुमारें ८,५०० जणांचा बळी गेला. अडीचशें वर्षें छळ करणाऱ्यांना जें साधलें नाहीं, तें एका क्षणांत झालें. हा देवाचा कोप आहे, असें शेजारीपाजारी बोलूं लागले.

२३ नोव्हेंबर १९४५ रोजीं पडक्या देवळापुढें मृतांसाठीं मिस्सा झाला. त्या वेळीं डॉ. ताकाशी नागाई यांनीं भाषण केलें. ते क्ष-किरणांचे वैद्य. स्वतः रोगानें जर्जर. त्यांची पत्नी, जी पंचांग सांभाळणाऱ्या जुन्या घराण्यांतील होती, ती त्याच स्फोटांत गेली होती. उराकामी हें युद्धाच्या समाप्तीसाठीं देवानें निवडलेलें निष्कलंक कोंकरूं होतें काय, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. ज्यांना कोपाचे बोल ऐकावे लागत होते, अशा पुष्कळ दुःखितांना त्यानें धीर आला. कांहींना मात्र हें मान्य करतां येईना. देवानें लेंकरांचा असा बळी मागितला, असें कसें म्हणावें, हा त्यांचा सवाल होता. पुढें २५ फेब्रुवारी १९८१ रोजीं परमपूज्य पोप दुसरे जॉन पॉल यांनीं हिरोशिमा येथें स्पष्ट सांगितलें कीं, युद्ध हें मानवाचें कर्म आहे. आणि त्यानंतर ते नागासाकीस गेले.

आमच्या मतें दोन्ही गोष्टी लक्षांत ठेवाव्यात. डॉक्टरांच्या भाषणांत एका शोकग्रस्त भक्ताची अर्पणबुद्धि आहे, आणि तिला आम्ही नमस्कार करतों. परंतु माणसानें केलेला संहार देवाच्या नांवावर मांडूं नये, हाही श्रद्धेचाच नियम आहे. आमचें देऊळ कधीं पडणार नाहीं, आमचीं मुलें आमच्या आधीं जाणार नाहींत, असें वचन प्रभूनें कोणालाही दिलेलें नाहीं. युगाच्या अंतापर्यंत मीं तुमच्याबरोबर आहें, एवढेंच त्याचें वचन आहे. १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्रीं उराकामीच्या लोकांनीं ढिगाऱ्यांतून शाबूत निघालेली घंटा लांकडांच्या तिवईवर टांगून वाजविली, ती याच वचनाच्या बळावर. १९५९ सालीं त्या जागीं नवें देऊळ उभें राहिलें. दुसऱ्या बुरुजाची फुटलेली घंटा मात्र अनेक दशकें परत आली नव्हती. ती २०२५ सालीं अमेरिकेतील कॅथलिक भाविकांच्या देणगींतून आली आणि ९ ऑगस्टला, त्याच घटकेला, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. ज्या देशाच्या विमानानें एक घंटा फोडली, त्याच देशाच्या भाविकांनीं ती भरून द्यावी, ही अपेक्षा १९४५ सालीं कोणाच्या मनांत तरी आली असेल काय?

वाचकहो, आमच्या घरांतही हाच इतिहास लहान प्रमाणांत घडत असतो. नवेना केली, पण रोगी उठला नाहीं. मुलानें धर्मगुरू व्हावें म्हणून आईनें जन्मभर जपमाळ ओढली, पण त्याचा मार्ग दुसरीकडे वळला. चाकरी मिळाली नाहीं, शेत पिकलें नाहीं. अशा वेळीं कोणी मिस्साला येणें बंद करतो, आणि आपण त्याला अविश्वासी म्हणतों. त्याच्या मनांतील चित्र फुटलें आहे, वचन फुटलेलें नाहीं, हें त्याला प्रेमानें दाखविणें हें धर्मग्रामाचें काम आहे. तसें दाखवावयाचें तर आपण स्वतःच देवापाशीं चित्र घेऊन बसलों आहों कीं वचन घेऊन, याचा विचार आधीं करावयास हवा.

१७३९ सालीं वसईचा किल्ला पडला व पोर्तुगीज सत्ता उत्तर कोंकणांतून गेली, तेव्हां सत्तेबरोबर श्रद्धाही जाईल असें पुष्कळांना वाटलें असेल. श्रद्धा राहिली, तिच्या बळावर आज आपण महोत्सव साजरा करीत आहों. आमच्या पूर्वजांनीं जें मागितलें तें सर्वच त्यांना मिळालें नाहीं. ज्याच्यापाशीं मागितलें तो मात्र त्यांना मिळाला, आणि त्यांच्या हातून आम्हांस मिळाला. पुढील पिढ्यांनाही तो आमच्या हातून मिळो, आणि रक्तसाक्षी संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीनें आमच्या अपेक्षा त्याच्या इच्छेशीं जुळोत, हीच या मंगल प्रसंगीं आमची प्रभुचरणीं प्रार्थना आहे.